दोन वाजताचा फोन

हिंगणघाट तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून तेवढं गाळून पत्र देतो.

"भाऊ, नमस्कार. आमची तीन एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशी अन् तूर. आमचे हे सतरा वर्षांपासून गाडीवर आहेत. आता बारा चाकी चालवतात. आधी गाडीवर दोघं ड्रायव्हर असायचे. समृद्धी सुरू झाली तसा सेठनं दुसरा ड्रायव्हर काढला, क्लीनरही नाही. बुटीबोरीहून भिवंडीच्या दोन फेऱ्या अन् हैदराबादची एक, असे आठवड्याला ४२०० किलोमीटर होतात. किलोमीटरमागे दीड रुपया मिळतो, खुराकी वेगळी. भिवंडीला सकाळी पोचले तरी माल खाली व्हायला रात्र होते, दिवसभर लाइनीत उभं राहावं लागते. रात्री गाडीवर त्यांना झोप लागू नये म्हणून मी दोनचा गजर लावून उठते अन् चार वाजेपर्यंत फोनवर बोलत राहते. सकाळी मला वेचणीला जायचं असते. मागच्या महिन्यात बोलता बोलता ते गप्प झाले. मी आपली 'ऐकून राहिले का, ऐकून राहिले का' म्हणत होते. मग एकदम खडखड आवाज आला अन् ते म्हणाले, काही नाही, गाडी जराशी बाजूच्या पट्टीवर गेली होती. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सिंदखेडराजाजवळ बस जळाली होती, ते टीव्हीवर पाहिलेलं रोज डोळ्यासमोर येते. ते म्हणतात, मले काही होत नाही, सतरा वर्सं झाली. घरी आले की पडल्या पडल्या घोरतात, मधूनच श्वास अडकल्यासारखं होते. दिवसाला पाच तंबाखूचे खर्रे खातात. पोरगी वर्ध्याला अकरावीत आहे, बचत गटाचं कर्ज आहे. मी फोन करत राहू का, की त्यांना गाडी सोडायला लावू? सोडली तर खायचं काय?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फोन करत राहू का, तर नको, आजपासून नको. गाडी सोडायला लावू का, तर तेही आज नको. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे, ती सांगतो. पण आधी फोनचं बोलू.

मी अठरा वर्षं नागपुरात वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होतो. बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या लिहायच्या, भाडं ठरवायचं, कोणती गाडी कुठवर पोचली ते वहीत टिपायचं. रात्रपाळीला टेबलावर दोन फोन असायचे. एका रात्री सव्वादोनला मी एका ड्रायव्हरला फोन लावला. जुन्या रस्त्यानं तो अकोल्याकडे चालला होता, मूर्तिजापूरच्या अलीकडे असेल. तो म्हणाला, "झोप येऊन राहिली जी. दोन तास पडतो, मग काढतो." मी म्हणालो, "मालाची पार्टी सकाळपासून बोंबलून राहिली. चहा मार अन् काढ." त्यानं चहा घेतला आणि काढली. पाऊण तासानं गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून गेली. तो वाचला, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो मला काहीच बोलला नाही. "साहेब, माल पोचला का?" एवढंच विचारलं. तो माल दुसऱ्या गाडीत भरून तिसऱ्या दिवशी पोचला होता आणि पार्टीनं उशिराचा एक रुपयाही कापला नव्हता.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या रात्री माझ्या फोनानं जे केलं, तेच तुमचा फोन करतोय. मी मालासाठी केला, तुम्ही जीव तुटतो म्हणून करता, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला कळतं. पण दोन्ही फोन त्याला म्हणतात, चालत राहा. झोप आलेल्या माणसाला तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं, आता आपण जागे आहोत असं वाटतं, आणि ज्या वेळी त्यानं गाडी बाजूला घ्यायला हवी त्या वेळी तो आणखी चाळीस किलोमीटर ओढतो.

बोलण्यानं झोप थांबत नाही, याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. ते बोलता बोलता गप्प झाले. त्याला डुलकी म्हणा की झापड, ती तीन-चार सेकंदांची असते. डोळे उघडे असले तरी लागते आणि लागली होती हे माणसाला नंतर आठवतही नाही. ८० च्या वेगानं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांत ८८ मीटर झाले. तुमच्या घरापासून गावातल्या शाळेपर्यंत असेल तेवढं अंतर, तेही भरलेल्या बारा चाकीचं, आणि स्टिअरिंगवर कोणी नाही. त्या रात्री त्यांना पट्टीनं उठवलं, तुम्ही नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण खरं तेच आहे.

आता दोन ते चार हीच वेळ का, ते सांगतो. माणसाच्या शरीराची झोपेची ओढ रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात सगळ्यात जास्त असते, सतरा वर्षांचा ड्रायव्हर असो की सतरा दिवसांचा. दुपारी दोन ते चारमध्ये तीच ओढ थोडी कमी जोरानं परत येते. गाडीवरचा अनुभव घाट शिकवतो, ओव्हरटेक शिकवतो, ब्रेक कुठे तापतो ते शिकवतो. झोपेपुढे तो अनुभव काही कामाचा नाही. त्यातून तुमचे यजमान सकाळी सहाला उठले, दिवसभर बुटीबोरीत गाडी भरण्यात गेला, ताडपत्री-रस्सी झाली, रात्री दहाला निघाले. म्हणजे दोन वाजता त्यांना उठून वीस तास झालेले असतात. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर, रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे तपासून पाहिलेलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तुमचे यजमान दारूला शिवत नसतील, पण दोन वाजता ते प्यायलेल्या माणसासारखेच गाडी चालवत असतात.

आणि समृद्धीबद्दल एक बोलतो. रस्ता चांगला आहे, यात वाद नाही. ७०१ किलोमीटर सरळ, मधे गाव नाही, चौक नाही, बैलगाडी नाही. पण जुन्या रस्त्यानं जाताना कारंजा घाडगे लागायचं, तळेगाव लागायचं, गतिरोधक यायचे, कुत्रं आडवं यायचं, गिअर बदलावा लागायचा. तो त्रासच ड्रायव्हरला जागा ठेवायचा. समृद्धीवर पाय तसाच, हात तसाच, पांढरी पट्टी डोळ्यासमोर एकसारखी पळत राहते आणि नजर थिजते. रात्री दहाला बुटीबोरी सोडलेली गाडी अडीच-तीनच्या सुमाराला मेहकर ते सिंदखेडराजा या पट्ट्यात असते. सरळ रस्ता आणि सगळ्यात जड झोप एकाच वेळी भेटतात. सेठला वाटलं, रस्ता सोपा झाला, आता एका ड्रायव्हरात भागेल. हिशोब नेमका उलटा व्हायला पाहिजे होता.

आता हिशोबच करू. घरात पोरीची जुनी वही असेल, तिच्यात लिहा.

४२०० किलोमीटर. समृद्धी, हैदराबादचा हायवे, शहरातलं, नाक्यावरचं सगळं धरून ताशी सरासरी ५० धरली. ८४ तास झाले. म्हणजे सातही दिवस रोज बारा तास स्टिअरिंगवर, एकही सुट्टी नाही. यात भरणं आणि खाली करणं धरलेलंच नाही. तीन फेऱ्यांत सहा वेळा गाडी भरते, सहा वेळा खाली होते. एका वेळेला सरासरी पाचच तास धरले तरी ६० तास. ८४ आणि ६० मिळून १४४. आठवड्याचे तास असतात १६८. उरले २४. आठवडाभराची झोप, आंघोळ, जेवण, घरी येणं, पोरीशी दोन शब्द बोलणं, हे सगळं त्या चोवीस तासांत. दिवसाला साडेतीन तासही पडत नाहीत.

म्हणून "मले काही होत नाही" हे त्यांचं म्हणणं त्यांच्यापुढे ठेवू नका, त्यावर भांडूही नका. हा आकडा ठेवा.

कायदा काय म्हणतो तेही वहीत लिहून ठेवा, कारण सेठपुढे उपयोगी पडतं. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन जास्तीत जास्त दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही दिवसाचे ८ तासच आहेत. ५४ तासांत ताशी ५० नं २७०० किलोमीटर होतात. दोन ड्रायव्हर असले तर १०८ तास मिळतात, त्यात ८४ तासांचं काम आरामात बसतं. म्हणजे आधी गाडीवर दोघं होते ते सेठची मेहरबानी म्हणून नव्हते, कामच दोघांचं आहे.

पण कायदा दाखवून उद्या सकाळी दुसरा ड्रायव्हर मिळेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. अठरा वर्षांत मी असं एकदाही होताना पाहिलं नाही. म्हणून मागणी लहान करू, पण तिच्यावरून हटायचं नाही.

पहिली मागणी सेठकडे नाही, यजमानांकडे आहे, आणि ती एकच. रात्री दीड ते पाच गाडी उभी. बाकी सगळं तसंच ठेवा. भाडं तेच, सेठ तोच. फक्त हे साडेतीन तास. ते म्हणतील, पोचायला उशीर होते. मग विचारा, सकाळी साडेदहाला पोचून काय करता? तुम्हीच लिहिलंय की दिवसभर लाइनीत उभं राहून माल रात्री खाली होतो. दुपारी दोनला पोचले तरी खाली रात्रीच होणार. जे तास ते रात्री जीव धोक्यात घालून वाचवतात, तेच दिवसा गोडाऊनच्या गेटवर उन्हात वाया जातात. ट्रान्सपोर्टच्या धंद्याचं खरं दुखणं हे आहे. वेळ रस्त्यावर जात नाही, गेटवर जाते, आणि तिची भरपाई ड्रायव्हरच्या झोपेतून काढतात. मी स्वतः अठरा वर्षं अशीच भरपाई काढली.

सेठ बहुतेक म्हणेल, ई-वे बिल संपेल, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची मुदत संपेल. हे मीही म्हणायचो. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. बुटीबोरी ते भिवंडी साडेसातशे धरले तर चार दिवस. हैदराबादचे पाचशे, तर तीन दिवस. आणि काही अडचण आलीच तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. म्हणजे बिलासाठी रात्रभर गाडी चालवायची काहीच गरज नाही. घाई बिलाची नसते, पार्टीची असते, आणि बरेचदा पार्टीचीही नसते, ऑफिसात बसलेल्या माझ्यासारख्या माणसाची असते.

थांबायचं कुठे, हेही ठरवून निघायला पाहिजे. कडेला पट्टीवर गाडी लावून झोपायचं नाही, कधीच नाही. मागून येणाऱ्याची झोप आपल्याला माहीत नसते, मूर्तिजापूरची गोष्ट वर सांगितलीच. पेट्रोल पंपाच्या आवारात, दिवा आहे, चार गाड्या उभ्या आहेत, तिथे लावायची. निघण्याआधीच ठरवायचं की आज कोणत्या पंपावर. दीड वाजला की डोकं नीट चालत नाही, त्या वेळी घेतलेला निर्णय "अजून थोडं पुढे" हाच असतो.

आणि साडेतीन तास मिळालेच नाहीत, रस्त्यात डोळे जड झाले, तर वीस मिनिटांची झोप. एक युक्ती आहे, आमच्या जुन्या ड्रायव्हरांना ती कोणी न शिकवता माहीत होती. आधी कडक चहा घ्यायचा आणि लगेच आडवं व्हायचं. चहाचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात झोप होते, आणि उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. उठल्यावर तोंडावर पाणी मारून गाडीभोवती एक फेरी मारायची, टायर हातानं ठोकून बघायचे, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. उठल्या उठल्या चावी फिरवायची नाही. ही युक्ती एका वेळेपुरती आहे, रोजच्या झोपेची जागा ती घेत नाही. काच खाली करणं, मोठ्यानं गाणी लावणं, डोळ्याला पाणी लावणं यानं पाच-सात मिनिटं बरं वाटतं, बस.

खर्ऱ्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण ती ओळ छोटी नाही. तंबाखूनं तरतरी येते, म्हणून रात्री खर्रा वाढतो. मग पहाटे पडायला मिळालं तरी नीट झोप लागत नाही, म्हणून दुसऱ्या रात्री आणखी खर्रा. आपल्या भागात घासलेला खर्रा दर पानठेल्यावर मिळतो, आणि तोंड न उघडणारी पस्तीस-चाळिशीची माणसं दर गावात आहेत. यजमानांना तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी आत घालून बघायला सांगा. जात नसतील तर थांबू नका, दाखवून घ्या. एकदम सुटणार नाही. रात्रीचे दोन आधी बंद करा, तेवढं झालं तरी मी म्हणेन वाट सापडली.

आणि ते घोरणं. पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. खूप घोरणं, मध्येच श्वास अडकणं, मग दचकून परत श्वास येणं, हा झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार असू शकतो. यात माणूस आठ तास झोपला तरी झोप पुरत नाही, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो, बीपी वाढतं. असा माणूस सुट्टीच्या दिवशी कितीही झोपला तरी सोमवारी गाडीवर पेंगतोच. ते घरी झोपलेले असताना तुमच्या मोबाइलवर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, श्वास अडकतो तो भाग आला पाहिजे. तो घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात जा, तुम्हाला जवळ आहे. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की हे रात्री जड गाडी चालवतात. नुसतं "घोरतात" म्हटलं तर डॉक्टरही हसून सोडून देतो. बीपी आणि साखरही त्याच दिवशी तपासून घ्या. यावर इलाज आहे, आणि लायसन जाईल या भीतीनं बरेच ड्रायव्हर हे लपवतात, तसं करू नका.

आता पैशाचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

दीड ते पाच थांबूनही आठवड्याचे ४२०० राहिले तर माणूस थकणारच. म्हणून दुसरी मागणी, हैदराबादची फेरी सोडायची. हजार किलोमीटर कमी. उरले ३२००, म्हणजे ६४ तास गाडीवर. भरणं-खाली करणं आठ वेळा, चाळीस तास. १६८ मधून १०४ गेले, उरले ६४. दिवसाला नऊ तास हातात येतात. कायद्यापेक्षा हेही जास्तच आहे, मला ते मान्य आहे, पण साडेतीनवरून नऊवर येणं म्हणजे माणूस माणसात येणं. दर आठवड्याला १५०० रुपये बुडतील, महिन्याला सहा हजार. ही रक्कम लहान नाही, तुमच्या घरात तर नाहीच.

ती भरून कशी निघेल? गाडी गेटवर अडकली की सेठ पार्टीकडून हॉल्टिंग, म्हणजे उभं राहण्याचं भाडं, लावतो. सगळ्या पार्ट्या देत नाहीत, पण बऱ्याच देतात. त्यातलं ड्रायव्हरला क्वचित काही मिळतं. तेच मागायचं. चार तासांपेक्षा जास्त गाडी उभी राहिली तर खेपेला १५० रुपये. हे मागायला लाज वाटायचं कारण नाही, ते उभं राहणंही कामच आहे. आठपैकी सहा वेळा मिळाले तरी आठवड्याला ९०० झाले. आणि पाच खर्रे, वीसचा एक धरला तरी दिवसाला शंभर, महिन्याला तीन हजार. दोन कमी झाले तर बाराशे घरात राहिले. सहा हजारातले जवळपास पाच हजार असे निघतात. उरलेल्यासाठी गटाच्या ताईंना भेटून हप्ता दिवाळीपर्यंत लांबवता येतो का विचारा. वेचणीचा चुकारा आला की भरता येईल. गटातल्या बायका समजून घेतात, बँकेपेक्षा लवकर घेतात.

सेठ नाहीच म्हणाला तर? सेठ म्हणजे वाईटच माणूस असतो असं नाही. त्याच्याही डोक्यावर गाडीचा हप्ता असतो. त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. गाडी ठोकली की आधी ठाण्यात जाते, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे ताबा परत घ्यायच्या कागदावर, सुटायला वेळ लागतो, मग विम्याचा सर्व्हेअर येतो, गॅरेजमध्ये पार्टची वाट, क्लेमची वाट. गाडी महिनोन्‌महिने उभी आणि हप्ता चालू. एका क्लीनरचा पगार त्यापुढे काहीच नाही. दुसरा ड्रायव्हर देत नसेल तर निदान क्लीनर द्या, हे मागणं रास्त आहे. क्लीनर असला की गेटवर नंबर तो सांभाळतो, आणि लाइनीत गाडी दहा-दहा फूट पुढे सरकवायला उठावं न लागता ड्रायव्हर सलग झोपू शकतो. दिवसाची ती झोप रात्री कामाला येते.

हेही नाकारलं तर मात्र सेठ बदलायचा. सतरा वर्षांचा हात असलेला ड्रायव्हर आज सहज मिळत नाही, प्रत्येक मालक ड्रायव्हरसाठी रडतोय. तुमच्या यजमानांना स्वतःची किंमत कळत नाही, बहुतेक ड्रायव्हरांना कळत नाही. काही कंपन्या आता ठरावीक टप्प्यावर ड्रायव्हर बदलतात. गाडी पुढे जाते, माणूस दुसरी गाडी घेऊन परत घराकडे येतो. बुटीबोरीत अशा गाड्या भरायला येतात, तिथल्या पंपावर उभ्या ड्रायव्हरांना विचारलं तर एका दिवसात माहिती मिळेल. गाडी बदलायची वेळ आलीच तर नवी बघा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड गाड्यांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात, इंजिनाजवळ तापलेल्या केबिनमध्ये दिवसा झोप लागत नाही, हा त्रास तरी त्यात कमी होतो.

एक काम या आठवड्यातच करा. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, वर्षाला २० रुपये, अपघातात २ लाखांचं संरक्षण. आणि सेठला विचारा की गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरचा हप्ता भरलाय का. मालकाच्या नावाचा जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तो मालकासाठी असतो, ड्रायव्हरसाठी नाही. पगार रोख घेऊ नका, खात्यात घ्या. ते या सेठकडे कामाला आहेत याचा कागद तुमच्या घरात पाहिजे.

यजमानांशी हे बोलायचं तेव्हा फोनवर बोलू नका. घरी येतील, आंघोळ-जेवण होऊन पोटभर झोपतील, त्यानंतर. पोरीला जवळ बसवा आणि वहीतला हिशोब तिलाच वाचायला सांगा. "गाडी सोडा" हा शब्द काढू नका. सतरा वर्षं ज्या कामानं घर चाललं ते सोड म्हटलं की माणूस अंगावर येतो. त्या रात्री तुम्ही फोनवर काय ऐकलं तेवढं सांगा. ते गप्प झाले, तुम्ही हाका मारत होता, आणि मग तो आवाज. त्यांना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती रात्र झालीच नाही. ती फक्त तुमच्याजवळ आहे.

सेठला पाठवायचा मेसेज लिहून देतो, यजमानांच्या फोनवरून पाठवा. "सेठजी, नमस्कार. पुढच्या फेरीपासून रात्री दीड ते पाच गाडी पंपावर उभी राहील. ई-वे बिलाची मुदत पुरते. भिवंडीला दुपारी दोनपर्यंत पोचतो. रात्री फोन उचलला नाही तर झोपलो आहे असं समजावं. हैदराबादच्या फेरीबद्दल अन् क्लीनरबद्दल भेटून बोलतो."

आणि तुमच्या मोबाइलमधला दोनचा गजर आज काढून टाका. त्यांच्या मोबाइलमध्ये सव्वाएकचा लावा. गाडी पंपावर लागली की त्यांनी तुम्हाला एक मिस्ड कॉल द्यायचा. तो आला की तुम्हीही झोपा, सकाळी वेचणीला जायचं आहे.